टिपणी आणि निळा रंग

साडेदहा ते तीन हे उन्हाचे खरे कामाचे तास. विद्यापीठाच्या ऑफिसचेही तेच. बाकी काहीही जुळवता येतं हो, पण सूर्याला मी संध्याकाळी सातनंतर ये म्हणून सांगू शकत नाही, त्यामुळे माझी जी काही कला आहे ती सुट्टीच्या दिवशी, सणावारी आणि कधीकधी अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेवर चालते. रजेच्या अर्जात कारण 'घरगुती' असं लिहिते. 'ऊन चांगलं आहे' असं लिहायची हिंमत अजून झालेली नाही.

मी विदर्भातल्या एका विद्यापीठात सहायक कुलसचिव आहे. म्हणजे नक्की काय हे घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. आधी परीक्षा विभागात होते, मग पात्रता, आता सभा विभाग. अधिसभा, विद्यापरिषद, व्यवस्थापन परिषद यांच्या बैठकांच्या विषयपत्रिका काढायच्या, इतिवृत्त लिहायचं, आणि 'सभेत बराच वेळ चर्चा झाली' या पाच शब्दांत दोन तासांचं भांडण बसवायचं. उरलेल्या वेळात मी फोटो करते. काढते नाही म्हणत कारण कॅमेरा बहुतेक वेळा नसतोच. कागदावर रसायन लावायचं, अंधारात वाळवायचा, त्यावर वस्तू मांडायच्या, वर काच ठेवायची आणि गच्चीवर उन्हात न्यायचं. सायनोटाइप म्हणतात त्याला.

ऑफिसात ही बातमी फुटली तेव्हा पहिली प्रतिक्रिया अशी, की अरे वा मॅडम, मग यंदा दीक्षान्ताचे फोटो तुम्हीच काढा ना, बिल वाचेल. मी म्हटलं मला तसले फोटो नाही जमत. मग एकाने विचारलं, निदान पासपोर्ट साइज? तेव्हापासून मी समजावणं सोडलं. आमच्या विभागातले शिपाईकाका मात्र काही न विचारता कामाला लागले, खिडकीतून बाहेर बघून येतात आणि सांगतात, मॅडम, आज आभाळ आहे ना, आज काही तुमचं होत नाही. बुधवार असतो, समोर फाइलींचा ढीग असतो, माझं तसंही काही होणार नसतं, पण ते सांगतात.

थोडं रसायनाबद्दल, कारण मला त्यात खरी मजा येते. फेरिक अमोनियम सायट्रेट म्हणून एक हिरवट पूड असते आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचे लालकेशरी खडे. पहिल्याचं २५ ग्रॅम, दुसऱ्याचं १० ग्रॅम, वेगवेगळं १०० मिली पाण्यात विरघळवायचं, आणि लागेल तेव्हा दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळायचं. उन्हातल्या अतिनील किरणांनी फेरिकचं फेरस होतं, ते फेरिसायनाइडला भेटतं आणि प्रशियन ब्लू तयार होतो, जो पाण्यात विरघळत नाही. जिथे सावली पडली तिथलं रसायन तसंच राहतं आणि धुतलं की निघून जातं, तिथे कागद पांढरा. बस. डार्करूम नको, लाल दिवा नको. सर जॉन हर्शेल या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये हे शोधलं आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळं थेट या कागदावर ठेवून त्यांचे ठसे प्रसिद्ध करायला सुरुवात केली, मजकूरसुद्धा हाताने लिहून तसाच निळ्यात छापलेला.

आता विदर्भातल्या उन्हाला हे प्रकरण अगदी मानवतं. मेच्या शेवटी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी सावली पायाखालीच गोळा होते, तेव्हा काचेखाली ठेवलेल्या वस्तूची कड इतकी धारदार येते की बघत राहावं. पण तेव्हाच उन्हाळी परीक्षा चालू असतात आणि निकालाची बोंब. ऑक्टोबरचं ऊनही झकास, तेव्हा हिवाळी परीक्षांची तयारी. जून-जुलैत प्रवेश आणि पात्रतेचा गोंधळ असतो, पण तेव्हा पाऊस असतो म्हणून निदान जीव तुटत नाही. हे वेळापत्रक ज्याने कोणी बनवलं त्याला फोटोग्राफीशी काहीतरी वैर असणार.

ऊन चांगलं पण पाणी वाईट. आमच्याकडे बोरचं पाणी, जड, क्षारांचं, आणि प्रशियन ब्लूला अल्कली अजिबात चालत नाही, धुता धुता निळा रंग फिका पडायला लागतो. म्हणून धुवायच्या पहिल्या पाण्यात किराणा दुकानातलं निंबूफूल चिमूटभर घालायचं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. कागदाचंही तेच. हल्लीच्या बऱ्याचशा झेरॉक्सच्या कागदात कॅल्शियम कार्बोनेट असतं, पांढराशुभ्र दिसतो, टिकतोही, पण त्यावर निळा रंग रुसतो. जुना कागद आम्लधर्मी, पिवळा पडणारा, कडा तुटणारा, ज्याच्याबद्दल अभिलेख कक्षात आम्ही रडत असतो, तोच या कामाला बरा. हे मला फार आवडलं. आणि अजून एक गुण आहे या रंगाचा, उजेडात राहून राहून फिका पडलेला सायनोटाइप काही दिवस अंधारात ठेवला की रंग बऱ्यापैकी परत येतो. म्हणजे कपाटात बंद पडून राहिल्याने ज्याचं भलं होतं असा कागद ऑफिसात काम करणाऱ्या बाईला मिळाला, अजून काय पाहिजे.

पण माझी आणि या निळ्याची ओळख कुठल्या आर्ट गॅलरीत झाली नाही, आमच्याच अभियांत्रिकी विभागात झाली. कॅम्पसवरच्या एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा विषय बैठकीत होता आणि मूळ नकाशा जोडा असा शेरा आला. तिथले निवृत्तीला आलेले आरेखक, त्यांनी कपाटावरची एक गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. गर्द निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. भिंती, जिने, खिडक्यांची मापं, खाली कोपऱ्यात सही आणि तारीख. मी ब्लूप्रिंट हा शब्द भाषणांत इतक्या वेळा ऐकला होता, विकासाची ब्लूप्रिंट, गुणवत्तेची ब्लूप्रिंट, की ती खरोखर निळी असते आणि हातात धरता येते हे डोक्यातच नव्हतं. आरेखक साहेबांनी सांगितलं की ट्रेसिंगवर शाईने नकाशा काढायचा, तो या कागदावर दाबून उजेडात ठेवायचा आणि पाण्याने धुवायचा, पुढे मग अमोनियाचे प्रिंट आले, त्यात निळ्या रेघा आणि पांढरा कागद, आणि खोलीभर असा वास की डोळ्यांतून पाणी. आता प्लॉटर आहे, वास नाही काही नाही. ती गुंडाळी म्हणजे हर्शेलचीच कृती होती, १८४२ सालची. कित्येक वर्षं ज्याला फारसं कोणी कला म्हणालं नाही, बांधकाम खात्यांनी टनावारी वापरलं, आणि आज मी तेच गच्चीवर केलं की लोक विचारतात हे कुठे शिकलात.

तेव्हापासून मी मांडते त्या वस्तूही ऑफिसच्याच. टॅग, टाचण्या, पंचिंगमधून पडणाऱ्या गोल टिकल्या, बाइंडिंगचा दोरा, गठ्ठे बांधायचं लाल कापड ज्याला अजूनही काही जुने लोक रुमाल म्हणतात, पेशवे दफ्तरातले रुमाल तेच. लाल कापड निळ्यात उतरलं की नुसतं विणकाम दिसतं, आणि घड्यांपाशी धुकं. ओएमआर, म्हणजे गोल काळे करून उत्तर द्यायच्या, उत्तरपत्रिका हाताने तपासायला भोकं पाडलेली 'की', म्हणजे उत्तरसूची, असायची, बरोबर उत्तरांच्या जागी भोक, तशी एक मी घरी कार्डशीटवर कापून घेतली, ऑफिसातली उचलून आणली नाही हे आधीच सांगते, वाचणाऱ्यांत आमचे लेखापरीक्षकही असू शकतात. उन्हात ती ठेवली की कागदावर फक्त बरोबर उत्तरं निळी होतात. कुठल्या प्रश्नाची ते कोणालाच माहीत नाही. हा प्रिंट मला माझा सगळ्यात चांगला वाटतो.

दयानिता सिंग यांनी भारतभरच्या दफ्तरखान्यांचे, फाइलींनी छतापर्यंत भरलेल्या खोल्यांचे जे कृष्णधवल फोटो काढलेत ते पाहिले तेव्हा वाटलं, झालं, हे करून झालंय, आणि फार वरच्या दर्जाचं करून झालंय. पण त्या खोलीबाहेरून येऊन त्या खोलीकडे बघतात, अदबीने बघतात. मी त्या खोलीत रोज शिंकते. मला तिचं सौंदर्य दुसऱ्यांदा दिसतं, पहिल्यांदा दिसतं ते प्रलंबित काम.

आणि एक गंमत आहे जी ऑफिसवाल्यालाच कळेल. फोटोग्रामला, म्हणजे वस्तू थेट कागदावर ठेवून केलेल्या अशा चित्राला, निगेटिव्ह नसते. वस्तू उचलली, संपलं, तो एकच कागद. ऑफिसात एकच प्रत असणं म्हणजे छातीत धडकी. आम्ही प्रत्येक कागदाची प्रत, प्रतीची साक्षांकित प्रत, ती हरवली तर दुय्यम प्रत, दुय्यम हरवली तर पोलिसात तक्रार आणि प्रतिज्ञापत्र. दिवसभर हे करून रविवारी मी मुद्दाम असं काहीतरी बनवते ज्याची दुसरी प्रत निघूच शकत नाही. एका मैत्रिणीच्या मते हे बंड आहे. मला तसं नाही वाटत, कारण प्रिंट वाळला की मी पहिलं काम काय करते तर मागे पेन्सिलीने क्रमांक टाकते, तारीख, कागद, किती मिनिटं, पाणी कुठलं, आणि वहीत नोंद.

तर मला मुळात हेच म्हणायचं होतं. लोक फार हळहळून विचारतात, कसं काय जमवता, ऑफिसात जीव गुदमरत असेल नाही? दोन आयुष्यं जगताय तुम्ही. यात गृहीत असं असतं की एक आयुष्य खरं आणि दुसरं पोटासाठी, फाइल म्हणजे तुरुंग आणि गच्ची म्हणजे सुटका. मला हे पटत नाही. ऑफिस वेळ खातं हे शंभर टक्के खरं, दुपार खातं, डोळे खातं, कधीकधी अब्रूही खातं. पण कलेला कारकुनी मारते हे खोटं आहे. कलेला वाईट कारकुनी मारते. चांगली कारकुनी नसेल तर काय होतं याची जी उदाहरणं मला माहीत आहेत ती जास्त भयानक आहेत.

आधी थोडी गमतीची माणसं. चार्ल्स डॉजसन, ज्याला जग लुईस कॅरल म्हणून ओळखतं, तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवायचा. १८५६ मध्ये फोटोग्राफी सुरू केली, तेव्हाची ती ओल्या कोलोडियनच्या काचेची पद्धत, काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, पुढे आपल्या खोल्यांच्या वर गच्चीवर काचेचा स्टुडिओ बांधून घेतला, म्हणजे गच्चीची गरज त्यालाही होती. त्याने काढलेल्या लहान मुलींच्या फोटोंबद्दल आज अस्वस्थ प्रश्न विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत, पण तो वेगळा लेख. १८८० मध्ये त्याने कॅमेरा ठेवून दिला आणि १८८२ मध्ये कॉलेजच्या सीनियर कॉमन रूमचा क्युरेटर झाला, म्हणजे प्राध्यापकांच्या बैठकीच्या खोलीची व्यवस्था, दारूचं तळघर, कोळसा, चहा, हिशेब. दहा वर्षं ते काम केलं आणि त्यावर खुसखुशीत पत्रकंही छापली. पण मला त्याच्याबद्दल सगळ्यात प्रेम वाटतं ते एका गोष्टीसाठी, त्याने १८६१ पासून स्वतःच्या आलेल्या-गेलेल्या पत्रांचं रजिस्टर ठेवलं होतं, गोषवाऱ्यासकट, आणि मरेपर्यंत त्यातला शेवटचा क्रमांक होता ९८,७२१. आवक-जावक! घरी! आमच्या आवक-जावक विभागातल्या ताईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, बरोबर आहे मॅडम, नाहीतर पत्र मिळालंच नाही म्हणतात लोक.

हर्शेलचं मात्र वाईट झालं. इतका मोठा शास्त्रज्ञ, दक्षिण गोलार्धातलं आकाश मोजून आलेला, त्याला १८५० मध्ये सरकारी टांकसाळीचा प्रमुख केलं आणि त्या कामाने त्याची तब्येतच ढासळली, १८५५ मध्ये सोडावं लागलं. म्हणजे प्रशासन सगळ्यांना मानवतं असं माझं म्हणणं नाही. हर्शेलला प्रशासनाची आवड नव्हती आणि त्याचं खरं काम दुसरीकडे होतं, अशा माणसाला खुर्चीत बसवणं हा त्या माणसाचाही आणि खुर्चीचाही छळ. आपल्याकडे चांगल्या प्राध्यापकाला प्रभारी काहीतरी करून ठेवतात, तेव्हा मला हर्शेल आठवतो.

आता लास्लो मोहोली-नाज. हंगेरीचा, वकिलीचं शिक्षण घेतलेला, पहिल्या महायुद्धात जखमी झालेला, १९२३ ते १९२८ जर्मनीत बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत शिकवलं. कॅमेऱ्याशिवाय नुसत्या प्रकाशाने कागदावर चित्र करता येतं हे त्याने आणि त्याच्या बायकोने मिळून इतकं पुढे नेलं की आज मी जे करते ते सगळं त्यांच्या खात्यावर जमा. नाझी आल्यावर देश सोडून शेवटी १९३७ मध्ये शिकागोला गेला, तिथे एका कला-उद्योग संघटनेने त्याला न्यू बाउहाउस नावाची शाळा काढायला बोलावलं होतं. एका जुन्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या हवेलीत शाळा सुरू झाली आणि एक वर्ष होत नाही तोच संघटनेने पैसे नाहीत म्हणून बंद केली. अनुदान बंद! वाचताना मला त्या माणसाचा चेहरा दिसायला लागला, कारण तो चेहरा मी विनाअनुदानित कॉलेजांच्या प्राचार्यांच्या अंगावर पाहिलाय. १९३९ मध्ये त्याने स्वतःच परत शाळा उघडली, सुरुवातीला शिक्षक बिनपगारी शिकवायला तयार झाले, वॉल्टर पेपके नावाचा खोकी बनवणारा कारखानदार पाठीशी उभा राहिला. युद्धात धातू मिळेना तर विद्यार्थ्यांनी लाकडाच्या स्प्रिंगा केल्या, शत्रूपासून इमारती लपवण्याचा कॅमुफ्लाजचा कोर्स काढला, जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचे वर्ग घेतले. म्हणजे अभ्यासक्रम सरकारच्या गरजेप्रमाणे बसवून संस्था जगवली. १९४४ मध्ये तिचं नाव इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन झालं. १९४६ च्या नोव्हेंबरात तो ल्युकेमियाने गेला, वय ५१. १९४९ मध्ये संस्था तिथल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सामावली गेली आणि अजून आहे.

चरित्रं लिहिणारे इथे हळहळतात की देणग्या मागत फिरण्यात, जेवणावळींत, पत्रव्यवहारात एवढा मोठा कलाकार झिजला. झिजला असेल. पण अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्यांना प्रयोगशील फोटोग्राफी शिकायला जी जागा मिळाली ती त्याच पत्रव्यवहारातून उभी राहिली, आणि मला तो पत्रव्यवहार त्याच्या कामातून वजा करायचा नाहीये. आपल्याकडेही सुधाकर नाडकर्णी, जेजे स्कूलमध्ये शिकलेले, मग बाउहाउसचा वारसा सांगणाऱ्या जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत गेलेले, त्यांनी पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये आयडीसी, म्हणजे औद्योगिक डिझाइनचं केंद्र, उभं केलं आणि पुढे गुवाहाटीच्या आयआयटीत डिझाइनचा विभाग. अशा उभारणीत कागद किती काळे करावे लागत असतील ते आमच्यासारख्यांनाच कळेल.

पण खरी गोष्ट मोहोली-नाजच्या बायकोची आहे. लुसिया मोहोली, प्राग शहरात १८९४ मध्ये जन्मलेली. डार्करूमचं तंत्र तिचं पक्कं होतं, फोटोग्राम दोघांनी मिळून केले आणि नाव बराच काळ एकट्या त्याचं झालं. बाउहाउसच्या डेसाउमधल्या इमारती, तिथल्या खुर्च्या, दिवे, चहादाण्या यांचे जे फोटो आज जगातल्या प्रत्येक डिझाइनच्या वर्गात दाखवतात ते तिने काढलेले, काचेच्या मोठ्या निगेटिव्हवर. पुढे दोघं वेगळे झाले. १९३३ मध्ये तिच्या बर्लिनच्या घरातून तिच्या जोडीदाराला, तो कम्युनिस्ट खासदार, अटक झाली आणि तिला सगळं तसंच टाकून पळावं लागलं. सुमारे ५६० काचा मागे राहिल्या. त्या लास्लोकडे, तिथून बाउहाउसचा संस्थापक वॉल्टर ग्रोपियसकडे गेल्या आणि त्याच्या सामानातून अमेरिकेला पोचल्या. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात बाउहाउसचं मोठं प्रदर्शन झालं, पुस्तक निघालं, त्यात तिचे फोटो आणि तिचं नाव नाही. ती इकडे लंडनमध्ये, बॉम्बहल्ल्यात सगळं गेलं असं समजून चाललेली. युद्धानंतर तिला हळूहळू कळलं, तिने पत्रं लिहिली, शेवटी वकील लावला आणि १९५७ मध्ये २३० च्या आसपास काचा परत मिळाल्या. बाकीच्या नाहीत.

हे वाचून बहुतेकांना राग येतो तो पुरुषांचा, आणि यावाच. माझ्यातल्या सहायक कुलसचिवाला मात्र आधी असं वाटलं, पोच नाही घेतली कोणी. ५६० काचा इकडून तिकडे गेल्या, या घरातून त्या घरात, या देशातून त्या देशात, आणि कुठेही एक ओळ नाही की अमक्याच्या मालकीच्या, इतक्या नग, अमुक तारखेस तात्पुरत्या ताब्यात घेतल्या. प्रतिभावान माणसं होती हो सगळी, पण त्या साखळीत एकही भला कारकून नव्हता.

आणि या बाईने दुसऱ्या महायुद्धात काय केलं, तर लंडनमध्ये वैज्ञानिक नियतकालिकांच्या मायक्रोफिल्मचा एक मोठा विभाग चालवला, नंतर युनेस्कोसाठी मध्यपूर्वेत हस्तलिखितं-कागदपत्रं फिल्मवर उतरवण्याच्या कामात होती. म्हणजे जिच्या स्वतःच्या काचांची नोंद कोणी ठेवली नाही ती पुढे लोकांच्या कागदांच्या नोंदी ठेवत बसली. तिच्या चरित्रातला हा भाग सगळे दोन ओळींत उरकतात, कलाकाराला नाइलाजाने नोकरी करावी लागली वगैरे. मला तर तोच भाग सविस्तर हवा होता. रोज किती फिल्म, कोणाकडून परवानगी, बिघडलेली कशी नोंदवायची, टेबल कसं होतं.

माझ्याबद्दल म्हणाल तर गेल्या वर्षी एका छोट्या प्रदर्शनासाठी बोलावणं आलं आणि मी स्वतःच्याच परवानगीची फाइल चालवली. नियम तसे वाईट नाहीत, राज्य सरकारच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांपासून आमच्यापर्यंत साधारण सूर एकच की साहित्यिक, कलात्मक, वैज्ञानिक काम अधूनमधून करायला हरकत नाही, कर्तव्यात कसूर होता कामा नये. टिपणी मीच लिहिली, 'मान्यतेस्तव सविनय सादर' पर्यंत. फाइल वर गेली आणि परत आली, शेरा: चर्चा करावी. मी गेले. साहेब म्हणाले, बसा, ते जरा दाखवा ना काय आहे ते. मोबाइलवर प्रिंट दाखवले. लाल कापडाचा बघून म्हणाले हे हृदयाचं एक्स-रे आहे का, ओएमआरचा बघून बराच वेळ गप्प राहिले, ते स्वतः परीक्षा विभागात होते पूर्वी, मग म्हणाले याला की-चा सेट कोणता, ए का बी? इतक्या चांगल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मान्यता मिळाली. प्रदर्शनात एक समीक्षक तिथे असूनही असा प्रश्न कोणी विचारला नाही.

हल्ली मी डब्यांच्या मागे लागलेय. सोलारग्राफी. रिकाम्या कॅनला सुईने बारीक भोक पाडायचं, आत साधा कृष्णधवल फोटोचा कागद गुंडाळून बसवायचा, टेप लावून बंद करायचा आणि दक्षिणेकडे तोंड करून कुठेतरी बांधून ठेवायचा, महिनोन्महिने. सूर्य रोज एक कमान काढत जातो, उन्हाळ्यात उंच, हिवाळ्यात खाली, ढगाळ दिवशी रेघ तुटते. डेव्हलप करायचं नाही, कागद काढून सरळ स्कॅन. आणि मुख्य म्हणजे हा कॅमेरा मी ऑफिसात टिपणी लिहीत असतानाही काम करतो!

या प्रकारातली दोन उदाहरणं मी आमच्या लोकांना सांगते. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेवर रेजिना वाल्केनबोर्ग या विद्यार्थिनीने २०१२ मध्ये बिअरचा कॅन लावला आणि तो तिथेच विसरला गेला, थेट २०२० च्या सप्टेंबरात एका कर्मचाऱ्याने काढला. आठ वर्षं एक महिना, आत सूर्याच्या २,९५३ कमानी, जगातलं सगळ्यात लांब एक्स्पोजर म्हणून बातम्या झाल्या. दुसरं अमेरिकेत अटलांटाचं, २०१६ च्या फेब्रुवारीत जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने वर्गातल्या प्रकल्पासाठी एक डबा हायवेवरच्या पुलाला टेपने चिकटवला, लोकांना बॉम्ब वाटला, शहरातला मुख्य रस्ता दोन्ही बाजूंनी बंद, बॉम्ब पथकाने डबा उडवला आणि मग बाकीचेही डबे शोधत फिरावं लागलं. कलाकार मित्र हे ऐकून हसतात. मी पण हसते, पण माझ्या डोळ्यासमोर त्या विद्यापीठातला माझ्या पदावरचा माणूस येतो, ज्याच्या टेबलावर त्या दिवशी दुपारी फोन वाजायला लागले असतील. एक पत्र पाहिजे होतं फक्त. विषय, संदर्भ, डब्यांची यादी, ठिकाणं, संपर्क क्रमांक, प्रत माहितीसाठी पोलीस ठाणे.

म्हणून मी आमच्या प्रशासकीय इमारतीच्या गच्चीच्या कठड्याला डबा बांधण्यासाठी रीतसर पत्र दिलं. सुरक्षा अधिकाऱ्यांनी दोनदा येऊन भोकातून आत बघायचा प्रयत्न केला, काही दिसलं नाही त्यामुळे जास्तच संशय. शेवटी डब्यावर पत्राचा जावक क्रमांक आणि 'हा कॅमेरा आहे' अशी चिठ्ठी लॅमिनेट करून लावायचं ठरलं. मग भांडार विभागाने हरकत घेतली की इमारतीला कायम लागलेली वस्तू आहे तर डेड स्टॉक रजिस्टरला नोंद हवी. मी म्हटलं अहो, थंड पेयाचा रिकामा डबा आहे, माझा स्वतःचा. तर म्हणे मग मालकी कोणाची ते कळणार कसं उद्या? मी लुसियाच्या काचा आठवून गप्प बसले आणि फॉर्म भरला. किमतीच्या रकान्यात शून्य लिहिलं. भांडारपालांनी चष्मा वर करून सांगितलं की मॅडम, शून्य किमतीची वस्तू रजिस्टरला चढत नाही, आणि स्वतःच पेनाने खोडून एक रुपया केला, बाजूला सही मागितली.